सांजची माडी

बाबा, या मे महिन्यात घरी गेले होते, आणि आपल्या माडीच्या दुकानात बसून मी सांजची माडी मागितली. सकाळी माडावरून उतरवलेली, दिवसभर उन्हाने तापून आंबटढाण झालेली, तुम्ही प्यायचात तीच. दुकान आता काका बघतात. त्यांनी डोळेच वटारले. "तुका ती कित्याक होयी गो? सकाळची ठेवलंय मा तुझ्यासाठी!" मी म्हटलं, काका, मुकाट्याने द्या. पुण्यात राहून मालवणी बोलायची सवय गेली, आणि लिहायची तर कधी नव्हतीच, म्हणून हे शाळेतल्या मराठीत लिहितेय, सांभाळून घ्या. सांगायचं एवढंच की मला एकदा तुमच्यासमोर बसून तुमची माडी प्यायची होती. तुम्ही कधी दिली नाहीत, आणि आता देणार कोण?

मला कायम पहाटेची. नुसतं साखरपाणी, वर तरंगणारी मधमाशी बोटाने काढून, फडक्यातून गाळून द्यायचात. दुपारच्या फेसाळलेल्या मडक्याकडे हात नेला की ठरलेलं उत्तर, "तुझी जीभ कवळी आसा अजून." अहो, लग्न झालं, नोकरी लागली, तरी कवळीच! मुलगी म्हणून देत नाही असं वाटून मी फुगून बसायचे. पण ते तसं नव्हतं, हे तुमची गिऱ्हाइकं बघून हळूहळू कळलं. मिसरूड फुटलेला नवा गडी यायचा आणि ऐटीत सांजची मागायचा. तुम्ही त्याला गोडच द्यायचात. तो दोन-चार वर्षांत आपण होऊन दुपारची मागायला लागायचा, जिभेला चावणारी, आणि मग केव्हातरी, घरात पोरंबाळं झाल्यावर, आंबटावर यायचा. "घाई केल्यान तर ओकतलो. जीभ आपल्या पायान चलत येवक होयी," असं म्हणून तुम्ही खो-खो हसायचात. माणूस किती पितो याच्यापेक्षा तो आता कुठल्या वेळेची पितो याची तुम्हाला जास्त खबर असायची.

अठ्ठ्याण्णव सालची गंमत आठवते? नवऱ्याला आपली माडी चाखवायची म्हणून मी एक बाटली भरून, बूच गच्च दाबून, पिशवीत घातली आणि पुण्याच्या एसटीत बसले. तळेऱ्याच्या अलीकडे धाडकन आवाज! ड्रायव्हरने टायर फुटला म्हणून गाडी थांबवली. माझी साडी, शेजारच्या बाईंचे आंबे, सगळं माडीने न्हालेलं, आणि कंडक्टर नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघतोय. तळेऱ्याला बूथवरून फोन केला तर तुम्ही पलीकडून ओरडताय, "बूच लावलंस? जिती आसा गो ती! तिका श्वास घेवक नको?" माडी विकणाऱ्याच्या मुलीने असला वेडेपणा करावा! पुढे कितीतरी दिवस तुम्ही ती गोष्ट येईल त्याला सांगत होतात.

मग तांडेलांचं झालं. आयुष्यभर समुद्रात होडी हाकलेला माणूस, रोज सांजची पिणारा, एके दिवशी सकाळीच दुकानात येऊन म्हणाला, गोड आसा काय थोडी? तुम्ही घरी येऊन आईला हळूच म्हणालात, "तांडेलाची जीभ परतली." आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हातारपण शेवटाकडे आलं की जीभ पुन्हा गोडावर येते, हे मला तेव्हा आईकडे बघून समजलं. म्हणून त्या उन्हाळ्यात, तुमच्या शेवटच्या, तुम्ही पडवीत खाटेवर बसून "सकाळची दी गो जरा" म्हणालात तेव्हा मी काय ते ओळखलं. मी दोन ग्लास भरले. आपण समोरासमोर बसून प्यायलो. तुम्ही ओठ चाटत म्हणताय, "बरी लागता नाय?" आणि मी होय होय म्हणतेय. खरं तर मला तेव्हा, तुमच्या नकळत, दुपारची आवडायला लागली होती, ती गुळमट माडी गळ्याखाली उतरत नव्हती. तुम्ही परत येत होतात, मी जात होते, आणि वाटेत एवढीच भेट झाली.

पुण्यात आता तिथल्या तिथे बिअर बनवणारा एक बार निघालाय. ऑफिसातल्या पोरांनी नेलं. बिअर गढूळ, तिला पिकल्या केळ्याचा वास. पोरं म्हणाली, मॅडम, पहिल्यांदा गोडसर घ्या, कडू नंतर आवडेल. बाबा, मला तिथे रडूच फुटलं. त्यांना वाटलं, चढली. मला तुमची इतकी आठवण आली की वाटलं, उठावं आणि रात्रीची गाडी पकडावी. उतरून भेटणार कोणाला, ते मात्र सुचेना.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून खरं सांगते. काकांच्या दुकानातली ती सांजची माडी मला नाही आवडली. दोन घोट कसेबसे घेतले आणि काकांची पाठ फिरल्यावर उरलेली माडाच्या बुंध्यात ओतली. तुम्ही समोर असतात ना, तर तोंड वाकडं न करता सगळी प्यायले असते.