हेटीच्या अंगाखालचा कोट

प्रति,
मा. वन्यजीव अधिकारी,
काउंटी कचेरी, अ‍ॅशबी काउंटी,
व्हर्जिनिया.

विषय : शेजारच्या खाजगी जमिनीत गेलेली माझी शिकारी कुत्री परत मिळण्याबाबत, व तोपर्यंत माझा कोट न धुण्याची सक्त ताकीद शेजाऱ्यास देण्याबाबत.

संदर्भ : सोमवारी फाटकापाशी आपण मला दिलेली तोंडी समज, "टक, आवाज चढवू नका. काय ते लेखी द्या."

महोदय,

खाली सही करणार एल्बर्ट टक, राहणार गिरणीचा रस्ता, सादर करतो की, आपण लेखी मागितले म्हणून लेखी देत आहे. आवाज मात्र सोमवारचाच आहे असे समजून वाचावे.

१. हरणांचा हंगाम उघडला त्या शनिवारी आमच्या क्लबने रिवाजाप्रमाणे रस्त्याच्या कडेला कुत्री सोडली. शेजारी श्री. रसेल क्विंबी यांनी हद्दीवरच्या झाडाझाडाला बंदीचे जांभळे पट्टे फासले आहेत. आमच्या कुत्र्यांना त्यांचा अर्थ लागत नाही. ती हरणामागे कुंपणाखालून पलीकडे गेली. अर्थ हरणालाही लागला नव्हता, परंतु त्याच्याविरुद्ध क्विंबी यांची तक्रार नाही.

२. कुत्रे परक्याच्या जमिनीत गेल्यास मालकाने ते आणायला जावे, बंदूक बाहेर ठेवावी, पायी जावे व विचारल्यास नाव सांगावे, असा आपल्या राज्याचा कायदा आहे. मी बंदूक गाडीत ठेवली व पायी गेलो. नाव क्विंबी यांनी दर कुत्र्यागणिक विचारले आणि मी दर कुत्र्यागणिक सांगितले. आमचा जुना शेजारी पॉवेल याची जमीन विकत घेऊन हे गृहस्थ उत्तरेकडून येथे राहावयास आले, तेव्हा माझ्या बायकोने त्यांना सफरचंदाचा केक नेऊन दिला होता. त्या दिवशी त्यांना आमचे नाव लागले नव्हते.

३. बाकीची कुत्री शिंग फुंकल्यावर परतली. हेटी परतली नाही. ती म्हातारी आहे व तिला ऐकू येत नाही. बहिरी कुत्री शिकारीला नेलीच कशाला, असे आपण विचाराल. तिला घरी ठेवून पाहिले आहे. मी बूट चढवताना दिसलो की ती दारात आडवी पडते आणि मला तिला ओलांडून जाता येत नाही.

यापुढे क्रमांक घालत नाही. राग आला की माझे आकडे चुकतात.

अशा वेळी इकडे सगळे जे करतात तेच मी केले. जेथून कुत्री सोडली तेथे अंगातला कोट काढून जमिनीवर पसरला आणि घरी गेलो. चुकलेले कुत्रे वासावर माघारी येते, मालकाच्या कोटावर पडून राहते आणि सकाळी मालक जाऊन दोघांना उचलून आणतो. माझे वडील असेच करत. हे येथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण क्विंबी यांना नाही. ते रोज संध्याकाळी रस्त्याकडेचा कचरा उचलत फिरतात. त्यांनी माझा कोट उचलला. फेकला नाही, ज्याचा असेल तो येऊन नेईल म्हणून आपल्या ओसरीतल्या खुर्चीवर ठेवला. या गृहस्थांच्या आजवरच्या सगळ्या खोडसाळपणाने माझे जेवढे नुकसान झाले नाही, तेवढे या एका चांगुलपणाने केले आहे.

हेटी ठरल्या जागी आली होती. चिखलात तिच्या पंजांचे ठसे आहेत, आपण येऊन पाहावेत. कोट नाही म्हटल्यावर ती वास धरून क्विंबी यांच्या ओसरीवर गेली, खुर्चीवरून कोट खाली ओढला आणि त्यावर पडली. सकाळी यांनी दार उघडले आणि यांचा समज झाला की कुत्रीने यांना पसंत केले! भुसाराच्या दुकानात चारचौघांत म्हणाले, "बिचारी आपणहून माझ्या दारी आली हो. बरगड्या मोजून घ्या तिच्या. उपाशी मारत होता तो माणूस." धावणाऱ्या कुत्र्याच्या बरगड्या दिसणारच. दिसत नसतील तर ते सोफ्यावरचे कुत्रे.

सोमवारी मी फाटकापाशी जाऊन सांगितले, "अहो, कुत्री माझी आहे. पट्ट्यावर नाव आहे माझं." त्यावर ते म्हणाले, "पट्टा काय, कोणीही बांधतो. तुमची असेल तर हाक मारा की. बघू येते का."

महोदय, मी बहिऱ्या कुत्रीला हाक मारली. दोनदा मारली. ओसरी लांब होती, वारा माझ्या तोंडावर येत होता आणि तिचे नाक कोटात होते. ती हलली नाही. क्विंबी म्हणाले, "बघितलंत? ओळखसुद्धा देत नाही तुम्हाला." त्यानंतर मी जे बोललो ते आपण येऊन ऐकलेच. कुत्री कोणाची हे ठरेपर्यंत मला आत जाण्यास आपण मनाई केलीत, ती मी पाळत आहे. कशी पाळत आहे ते माझ्या बायकोला विचारा.

आता तातडीचे. काल भुसाराच्या दुकानाबाहेर क्विंबी माझ्या बायकोला म्हणाले, "टकबाई, त्या कोटाला काय घाण वास येतो हो! मी तिला छान नवी गादी आणलीय. उद्या-परवा कोट धुऊनच टाकतो." ती म्हणाली, "अहो, नका धुऊ!" तर ते हसले. घरी येऊन तिने मला सुनावले, "एल्बर्ट, तुझं भांडण घाल चुलीत. आधी कोटाचं बघ."

ती बरोबर बोलते आहे. हेटी त्या ओसरीवर क्विंबींसाठी राहिलेली नाही, त्यांच्या मांसाच्या तुकड्यांसाठीही नाही. मी येईन म्हणून ती तेथे पडून आहे. कोट धुतला गेला की तिला वाटेल मी तेथून गेलो, आणि ती मला शोधायला उठेल. त्यांच्या कोठारामागे हमरस्ता आहे. त्यावरून लाकडाचे ट्रक जातात आणि हेटीला भोंगा ऐकू येत नाही. मला भीती वाटते. हे मी क्विंबी यांना सांगणार नाही, आपणास सांगतो.

सबब विनंती की, कुत्रीचा निकाल लागेल तेव्हा लागो, कोट आजच्या आज वाचवावा. तसेच तिचे खाणे पाण्यात भिजवून द्यावे, मागचे दात पडले आहेत. क्विंबी जन्मभर दंतवैद्य होते, पण तिच्या बरगड्या मोजण्याच्या नादात तोंड उघडून पाहायचे राहिलेले दिसते.

आपल्याशी नम्र, क्विंबी यांच्याशी नाही,

(सही)
एल्बर्ट टक
बुधवार, हंगामाचा पहिला आठवडा

सोबत : शर्ट एक, माझ्या अंगातला, रविवारपासून घातलेला. फायलीला लावू नये. कोट आधीच धुतला गेला असल्यास हा तिच्या अंगाखाली पसरावा. क्विंबी यांनी स्वतःच्या हाताने पसरला तरी माझी हरकत नाही.