गाडीत राहिलेला पाय

प्रिय छकुले,

छत्तिसाव्या वर्षी या नावाने हाक मारली की तुझ्या कपाळाला आठी पडते, माहीत आहे. पण गेल्या चार वर्षांत तुला हाकच मारलेली नाही, तेव्हा नवं नाव शोधणार कधी? अक्षराकडे कानाडोळा कर. कागद मांडीवर आहे, बाक डुगडुगतोय आणि मला एका जागी बसवत नाहीये. अस्वस्थ झालेला माणूस येरझाऱ्या तरी घालतो. मी चार पावलं टाकली की कुबड्यांच्या खटखटाटाने सगळे माना वळवून बघतात. म्हणून लिहितोय. कुठे बसून, ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचायची नाहीस.

आज उमेदवारी अर्ज भरायचा शेवटचा दिवस. तीनला मुदत संपते, आता सव्वाबारा झालेत. अर्जावर माझी सही अजून व्हायची आहे, ती तिथे जाऊनच करायची ठरलीय. मास्तर, म्हणजे शाळेतली नोकरी सोडून माझा प्रचार सांभाळणारे आपले मास्तर, निवडणूक कचेरीच्या दारात फोटोवाल्यांना थोपवून उभे असतील आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं असेल. फोन मी बंद करून टाकलाय. मी चौथ्यांदा निवडून येणार याबद्दल कुणालाच शंका नाही. मलाही नाही, आणि तिथेच सगळं अडलंय.

फौजेत असताना सुरुंगात माझा पाय गेला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. मी घरी आलो तर जो तो छताकडे नाहीतर भिंतीकडे बघत होता. एकटी तू जवळ येऊन विचारलंस, बाकीचा पाय कुठे ठेवलात? पुढे कापून उरलेल्या पायावर मोजा चढवायचं काम तू स्वतःकडे घेतलंस. सुरकुती राहिली की जखम होते, म्हणून उशीचा अभ्रा सारखा करावा तसा तळहाताने तो मोजा सारखा करत बसायचीस. मोठी झाल्यावर तू कृत्रिम पाय बनवायलाच शिकलीस आणि एकटीने बनवलेला पहिला पाय माझाच होता. प्लास्टरचं माप सहा वेळा घेतलंस. वर मलाच दटावलंस की, बाबा, पोट आत घेऊ नका, मी पायाचं माप घेतेय. तो पाय लावून मी कठड्याला हात न लावता दोन जिने चढलो होतो. वर पोचल्यावर तुझी आई रडली आणि मी उगाच खिडकीतून रस्ता बघत राहिलो.

मग पहिली निवडणूक आली. दोन महिने मी नळाबद्दल, रस्त्यांबद्दल बोलत होतो आणि माणसं जांभया देत होती. मतदानाला आठवडा राहिला असताना पायाला जखम झाली आणि तूच म्हणालीस, आठ दिवस पाय लावायचा नाही. त्या संध्याकाळी कुबड्या घेऊन, पॅन्टचा एक पाय दुमडून टाचणी लावून मी मंचावर गेलो. तोंडातून शब्द निघण्याआधी सगळं मैदान उठून उभं राहिलं. जखम भरली. पुढच्या सभेच्या वेळी गाडीतून उतरताना मास्तर हळूच म्हणाले, "साहेब, पाय गाडीतच राहू द्या." एका सभेपुरतं म्हणून मी ऐकलं आणि मग ते अंगवळणी पडलं. ड्रायव्हर पाय टॉवेलात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवायचा. रस्त्यात खड्डे लागले की त्याला पट्टासुद्धा बांधायचा. आम्ही हसायचो.

तू कुबड्यांबद्दल विचारलंस की मी जखमेचं कारण पुढे करायचो. चार वर्षांपूर्वी तू न सांगता सभेला आलीस. गाडीत पाय दिसला तेव्हा जखम चिघळली असं वाटून तू घाबरलीस. मी हसत म्हणालो, अगं, तो लावला की मतं घटतात. तू हसली नाहीस. पाय उचललास आणि बुटाचा तळ बघितलास. पहिल्यांदा निवडून आलो तेव्हा तूच चढवलेला नवा बूट, इतक्या वर्षांनंतरही तळ कोरा होता. जागेवर ठेवून तू निघून गेलीस. राग नाकावरच आहे, उतरेल, असं मी तुझ्या आईला सांगितलं. खरं तर मीच फुगून बसलो होतो. माझा पाय, मी लावीन नाहीतर नाही लावणार. शिवाय मी काम केलं नाही असं कोण म्हणेल? तुमच्या कृत्रिम अवयव केंद्राची इमारत मंजूर झाली ती माझ्या पाठपुराव्यामुळे. त्यासाठी मात्र कुणी उठून उभं राहिलं नाही, हे मला लागतं, अजूनही लागतं.

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या कार्यालयात एक माजी सैनिक आला. वय सव्वीस, माझ्यासारखाच डावा पाय गेलेला, सोबत आई. नोकरीसाठी शिफारसपत्र हवं होतं. त्याचा कृत्रिम पाय आईच्या हातातल्या पिशवीत होता. पट्ट्याची शिवण बघूनच मी ओळखलं, काम तुझं. लावत का नाही, असं विचारलं तर ती माउली कौतुकाने म्हणाली, "साहेब, तुम्ही तरी कुठे लावता? पाय लावला की लोक म्हणतात, याला काय धाड भरलीये. तुमच्यासारखं राहिलं की मान मिळतो." आठ महिने त्याने पाय लावला नव्हता. मांडी वाळून मनगटाएवढी झाली होती. तो माझ्या टाचणी लावलेल्या पॅन्टकडे गणवेशाकडे बघावं तसा बघत होता. मी पत्रावर सही करून दिली. पाय लाव बाबा, एवढं सांगायला मला तोंड नव्हतं. छकुले, मला माझीच शरम वाटली. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

घरी जाऊन, तू गेल्यानंतर गाडीतून कपाटात गेलेला पाय बाहेर काढला. तो चढेना. इतक्या वर्षांत उरलेल्या पायाचा आकारच बदललाय. जबरदस्तीने चढवला आणि न्हाणीघरात तोल जाऊन आडवा पडलो. तुझ्या आईने उठवलं आणि पाय पुसून परत कपाटात ठेवला. तिची ही तऱ्हा तुला ठाऊक आहे, त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं.

तर आता सांगतो. मी तुमच्या केंद्रात, तुझ्या खोलीबाहेरच्या तिसऱ्या बाकावर बसलोय, टोकन तेवीस. खिडकीवरच्या माणसाने मला ओळखलं नाही, किंवा ओळखून तसं दाखवलं नाही. त्याने फॉर्म दिला. नाव, वय, कोणता पाय, कोणतं साल, हे भराभरा भरलं. मग प्रश्न आला: आधी पाय वापरत होता का? हो. वापरणं का थांबवलं? पुढे चार चौकोन: दुखतो, जखम होते, बसत नाही, इतर. 'बसत नाही'वर पेन टेकवलं होतं, आणि आज ते खोटंही नाही. पण खूण केली 'इतर'वर. कारण लिहायला खाली एकच ओळ आहे. त्यात मावेना, म्हणून कागद मागून घेतले, ते हे. फॉर्मला जोडून आत पाठवतोय. तुला माझं माप घ्यायचं नसेल तर दुसऱ्या कुणाकडेही दे, माझी तक्रार नाही. इथून निवडणूक कचेरी तासाभराच्या वाटेवर आहे. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झालेत आणि आत आत्ताच एकवीस नंबर गेला.

तुझाच,
बाबा