चंद्रीच्या भोंग्याची वायर

१४ सप्टें., रवि.
दुपारी दादाच्या गोठ्यामागच्या नारळावर वीज पडली. नारळ उभा चिरला. माणसं वाचली, म्हशी वाचल्या, दत्तमहाराजांची कृपा. पण गोठ्यातला कॅमेऱ्याच्या वायरी जोडायचा स्विच जळाला, आणि झटका वायरीतनं चालत घरात आला, तिथलाही स्विच गेला. ती वायर मी स्वतः ओढलेली. डबा उघडला तर आत नुसता कोळसा. असला वास, जेवणावरची वासनाच गेली.
वहिनी पलंगावरनं टीव्हीकडं बघत होती. पडदा काळा. माईकचं बटण दाबायची, "चंद्रे... ये गं चंद्रे..." गोठ्यात काय पोचणार, डोंबल. मला बघवेना. उठून आले.

१५ सप्टें., सोम.
भ्यायचं तेच झालं. चंद्रीनं पान्हा चोरला.
रेडकू दगावल्यापासून ही म्हैस वहिनीच्या आवाजाशिवाय दूध सोडत नाही. त्यात जूनअखेरीस वहिनीला लकवा झाला, उजवं अंग गेलं. तेव्हाच मी ही जोडाजोड केली. गोठ्यात कॅमेरा नि भोंगा, वहिनीच्या उशाला टीव्ही नि बटण. माणसांशी बोलताना तिचा शब्द अडतो. म्हशीशी बोलताना अडत नाही! डॉक्टरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं नि तोंडात बोट घातलं. म्हणाले, हे बोलणं बंद पडू देऊ नका, हेच औषध.
आज दादा वहिनीचं लुगडं नेसून धारेला बसला. डोक्यावर पदर. चंद्रीनं एकदा हुंगलं आणि बादली लाथेनं पार उकिरड्यावर.
"शाले, हसू नगंस. मिशी दिसली आसंल तिला."
हसता हसता रडू आलं.

१६ सप्टें., मंगळ.
दादाचा संदीप कागलच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं मोबाईलवर वहिनीचा आवाज भरून गोठ्यात लावला. काल संध्याकाळी चंद्री फसली. आज सकाळी नाही. "आत्ती, म्हस इंजिनेरपेक्षा हुशार हाय," म्हणतो. अरे, वहिनी तिच्याकडं बघून बोलते, शेपटी हलली की शिव्या घालते. भरलेला आवाज काय बघणार?
वहिनीला खुर्चीतनं गोठ्यात न्यावं तर वाट चिखलाची. मागं एकदा नेलं, तेव्हा दादा नि ती दोघंही आडवी झाली. मधे ऊस उभा, वर पत्रा. वायफाय उसात शिरतं ते बाहेर येत नाही, मोबाईलला तिथं रेंज नाही. वायरच पाहिजे.

१८ सप्टें., गुरु.
शाहूपुरीत गेले. दुकानदार पोरगेला, पण गोड.
"काकी, घर ते गोठा उघड्यावरनं तांब्याची केबल ओढलासा?"
"मग काय सुतळी ओढू?"
"घरातल्या घरात तांबं चालतंय की. भाईर नगो. भाईर फायबर टाका. काच हाय ती. आतनं उजेड पळतो, करंट न्हाय."
मी बघतच राहिले. केसाएवढी काच, आणि तिच्यातनं चंद्रीचं चित्र जाणार? ह्यांच्या माघारी केबलटीव्ही एकटीनं चालवला, लोकांच्या गच्च्या तुडवल्या, वायरीला प्लग बसवायचा चिमटा कसा धरायचा ते कुणी शिकवलं नाही. वाटायचं, वायरीतलं सगळं कळतं आपल्याला. कसलं काय.
मग निवडानिवड. दोन्हीकडं फायबरचं भोक असलेला स्विच. भोकात बसणारं मॉड्यूल, म्हणजे करंटचा उजेड करणारी डबी, जोडीतलंच, एकाला एक घालून भागत नाही. केबल बाहेर सोसेल अशी, वर जाड कवच, टोकं कारखान्यातनंच बसवून आलेली, कारण काच जोडायचं यंत्र माझ्याकडं नाही. अंतर दाव्यानं मोजून नेलं होतं. "तीस दावी नि वर थोडं" म्हटल्यावर दुकानातली पोरं हसली. मीपण हसले.
निघताना म्हणाला, "टोकांची टोपणं बसवतानाच काढा. तवर हात लावायचा न्हाय." बरं म्हटलं.
माल तो पुण्याहून मागवणार.

२७ सप्टें., शनि.
पार्सल आलं! केबलचा प्लग मोठा, मॉड्यूलचं भोक लहान. बैलाचं जू बोकडाला. परत पाठवली. दुकानदारानं फोनवर दहादा माफी मागितली, लहान प्लगाची लगेच मागवतो म्हणाला.
चंद्रीचं दूध अर्ध्यावर आलं. जनावराचे डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आटणार. कुणीतरी दादाला चंद्रीला पान्ह्याची सुई टोचायचा सल्ला दिला. दादा भडकला, "सुईनं पान्हा फोडू व्हय? मालूला काय तोंड दावू?"
मालू म्हणजे वहिनी. ती आज दिवसभर एक शब्द बोलली नाही.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी
काय लिहू. डोळ्यांनी बघितलं म्हणून खरं.
केबल काल संध्याकाळी आली. लहान प्लगाची, बरोबर. उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर बसवायची ठरवलं. दादानं आज वहिनीच्या पलंगापुढंच पूजा मांडली. खुरपं, विळा, कडबाकुट्टीचं पातं, माझा चिमटा, स्विच, आणि केबलचं वेटोळं. मी चुलीपाशी, पुरण बिघडत होतं. आतनं दादाची हाक, "शाले! पळ! आगं पळ!"
मला वाटलं वहिनी गेली.
वहिनीचा उजवा हात वर होता! लकव्यानंतर कधी हलला नव्हता तो हात. थरथरत कुंकवाच्या करंड्यात गेला, बोट बुडलं, आणि खाली मांडलेल्या पूजेवर फिरला. हळद. कुंकू. दादा पाटावर बसून लहान पोरागत रडत होता. मीही. पुरण करपलं, करपू दे.

२ ऑक्टो., गुरु. दसरा
दिवा लागत नाही. दोन्हीकडचे स्विच चालू, मॉड्यूल बसलेलं, केबल बसवली, पण काचेच्या वाटेचा दिवा मेल्यागत. टोकं अदलाबदल करून बघितली. घटकाभर लुकलुकला, गेला. संदीप म्हणाला, माल खराब आसंल. दादा म्हणाला, सोनं वाटून आलो की बघू.
वहिनीनं टीव्हीसमोर केस विंचरून घेतले होते. सकाळपासून.

३ ऑक्टो., शुक्र.
सापडलं. सापडलं नसतं तर बरं.
ह्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या भिंगातनं प्लगाचं टोक बघितलं. तांबडं. दुसरं टोक, तांबडं नि पिवळं. मॉड्यूलच्या भोकातही तेच.
दादाला विचारलं, टोपणं कुणी काढली?
"मीच काढली की. झाकल्या तोंडाला कुंकू लावत्यात व्हय? मालूचा हात तिथंच गेला बघ. पैल्यांदा तिथंच!"
केसाएवढ्या काचेच्या तोंडावर वहिनीच्या हातचं कुंकू, आणि त्याच हातानं आम्हाला तीन महिन्यांनी... पदराच्या टोकानं पुसलं. पुसायला नको होतं, काचेवर ओरखडा आला. आता केबल नि मॉड्यूल दोन्ही नवी.
दादाला म्हटलं, माल खराब निघाला. दादानं मान हलवली. खोटं बोलले. बोलणारच होते. वहिनीला कळलं तर तो हात ती परत उचलणार नाही, मी ओळखते तिला.

५ ऑक्टो., रवि.
वहिनीच्या पायाला तेल चोळत होते. तिनं माझा पदर धरला, डाव्या हातानं. टोकाला तांबडा डाग. धुवायचा राहिला होता.
डाग बघितला. मग टीव्हीकडं. मग माझ्याकडं.
"वन्सं... कुंकू?"
एवढंच.
मी काहीतरी बडबडले, देवघरातलं लागलं असेल म्हणाले. तिनं उजवा हात पदराखाली घेतला.

९ ऑक्टो., गुरु.
व्यायाम घ्यायला येतात ते म्हणाले, मावशी साथच देईनात. हात बाहेर काढत नाही ती. दादा समजूत घालतो, रागावतो, तिच्या आवडीचे भडंग आणतो. त्याला कारण माहीत नव्हतं. आज मीच सांगितलं. वाटलं चिडेल.
नुसता खाली बसला. "म्हंजी देवानं दिलं नि आमीच..."
मग म्हणाला, "तिला सांग शाले, हात चुकला न्हाय. टोपण मी काढलं."
सांगितलं. दोघांनी सांगितलं. ती भिंतीकडं बघत होती.

१५ ऑक्टो., बुध.
नवी केबल, नवी मॉड्यूलं. दूध पोळलं म्हणून ताक फुंकून पितेय. पुसायचे खास कागद आणले, टोपणाला कुणाला हात लावू दिला नाही. चंद्रीचं दूध तांब्याभर राहिलंय.

१७ ऑक्टो., शुक्र. वसुबारस
हे गोठ्यात बसून लिहितेय.
सकाळी वहिनीपुढं केबल नेली. टोपणं घातलेली. करंडा पुढं केला. म्हटलं, आता टोपणावर लाव. काही होत नाही, पुसून घेईन, पण लावल्याशिवाय मी बसवणार नाही. तिनं करंड्याकडं बघितलं नाही. बराच वेळ धरून बसले, शेवटी मीच लावलं. मनाला लागलं.
बसवली. आणि दिवा लागला! हिरवा, गच्च. एवढ्याशा दिव्याला मी हात जोडले.
संदीप घरात आहे. कॅमेऱ्यातनं आम्ही दिसतोय म्हणून ओरडून सांगितलं त्यानं. बटण त्यानं वहिनीच्या डावीकडं ठेवलं होतं. म्हणे तिनं ते डाव्या हातानं ढकलून मांडीवर घेतलं, आणि सगळ्यांना खोलीबाहेर काढलं.
दादा बादली घेऊन बसलाय. मघापासून बसलाय. चंद्री रवंथ करायची थांबली. भोंग्यात खरखर. बटण दाबलंय.
चंद्रीनं कान वळवले.
खरखर चालू आहे. श्वास ऐकू येतोय वहिनीचा, अजून शब्द नाही. कुठल्या हातानं दाबलं असेल?
दादा मला लिहू नको म्हणतोय, गप ऐक म्हणतोय