घंटीवाला

सोमवार, ५ जून

जाड मार्कर आणला. बारीक पेनाने लिहिलेलं आता माझं मलाच लागत नाही. एका पानावर सहा-सात ओळी बसतात. वही लवकर संपेल. संपू दे.

डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, मधलं गेलं, कडा राहतील. म्हणजे समोर बघितलं की धुरकट डाग, आणि मान तिरकी केली की जरा दिसतं. कोंबडी बघते तसं. मोटार चालवायची नाही म्हणाला. सायकलचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलीला, नोएमीला, तर मी डॉक्टरकडे गेलो हेही माहीत नाही. वही गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे ठेवतो आहे.

मंगळवार, ६ जून

लिहून ठेवतो, म्हणजे घाबरलो की वाचता येईल. घर ते अंपारोचा वृद्धाश्रम साडेआठ मैल. सगळा रस्ता रिईतो नदीच्या उत्तर काठाने. सात पूल, सातही पुलांच्या खालून जायचं. पहिल्याखाली गारवा लागतो. तिसऱ्याखाली वटवाघळांचा वास, आणि आवाज घुमतो. पाचव्याखाली सिमेंटला भेगा, हँडल थरथरतं. सहाव्यानंतर घोड्यांचा तबेला, तोही वासानेच कळतो. सातवा संपला की डावीकडे चढ, फाटक, अंपारो.

एकतीस वर्षं या शहरात टपाल वाटलं मी. रस्ता पायात बसवणं हेच तर काम होतं! नदीत पाणी वर्षातून चार-सहा वेळा, एरवी नुसती वाळू. तिच्याकडे बघायचंय कुणाला?

पाचला निघायचं, सहाला पोचायचं. साडेसहाला तिचा नाश्ता. मेंदूला झटका आल्यापासून माझी बायको, अंपारो, फक्त माझ्या हातून खाते. मी नसलो की ओठ मिटून घेते, मग दिवसभर कुणाचं काही चालत नाही. मार्चमध्ये तीन दिवस मला ताप होता, तर चार पौंड उतरली. आणि पहिली बस तिथे पोचवते आठला. म्हणून सायकल.

शुक्रवार, ९ जून

पडलो.

पाचव्या पुलानंतर रस्त्याच्या मधोमध एक लोखंडी खांब आहे, मोटारी आत येऊ नयेत म्हणून. वर्षानुवर्षं ओळखीचा. आज तो बरोबर मधल्या डागात आला. गुडघा फुटला, कोपर सोलपटलं, चाकाची एक तार वाकडी. तरी सहा वीसला पोचलो.

व्हर्नाने जखम धुतली. अंपारोची देखभाल ती करते. इथल्या मूळच्या ओओदाम लोकांतली बाई, सहा भावांत वाढलेली, तिच्यापुढे खोटं टिकत नाही. बागेत पडलो म्हटलं.

“कुठल्या बागेत, पोस्टमन काका? तुमच्या अंगणात दोन निवडुंग आहेत फक्त.”

नोएमीला सांगू नकोस म्हणालो. बरं म्हणाली. पण बरं म्हणताना पट्टी जरा जास्तच आवळली.

रविवार, ११ जून

नोएमी जेवायला आली. राजमा, हिरवी मिरची, टॉर्टिया तिनेच भाजल्या. गुडघा मी टेबलाखाली ठेवला होता. सकाळी मी सोडते ना बाबा, म्हणाली, शाळेच्या स्वयंपाकघरात मला सातला पोचायचं असतं, तासभर लवकर उठेन. मी म्हटलं, मी पार्सल नाही.

ती भांडी घासत राहिली. मग पाठमोरीच बोलली.

“तुम्ही हाडं मोडून बसलात तर आईला कोण भरवणार?”

मी तिच्यावर ओरडलो. फेब्रुवारीत मी भिंतीला माझा पिकअप ट्रक घासला तेव्हा तिने किल्ली नेली, तीही अशीच, अगदी मायेने. मायेने नेलेली वस्तू परत मागता येत नाही. डोळ्यांचं कळलं तर सायकलही तशीच जाईल. मग मी रोज सकाळी कुणाच्या तरी गाडीत शेजारच्या सीटवर. ज्या दिवशी त्या कुणाला जमणार नाही, त्या दिवशी अंपारो उपाशी.

मंगळवार, १३ जून

आज माझ्या पुढे कुणीतरी होता. लाल दिवा लुकलुकत होता. पुलाखाली शिरताना घंटी वाजवतो, तशी वाजवावीच, समोरून येणाऱ्याला कळतं. पण हा किती वाजवतो! वळणावर वाजवतो, चढावर वाजवतो.

गुरुवार, १५ जून

परत तोच. शंभर-एक फूट पुढे. मी हळू झालो की तो हळू. मी थांबून पाणी प्यायलो, तर तोही थांबला. पाचव्या पुलानंतर दोनदा घंटी, बरोबर खांबापाशी. डावीकडून गेलो, वाचलो. राग आला. लहान पोराला हात धरून नेतात तसं वाटलं.

सोमवार, १९ जून

पहिल्या पुलाजवळच्या बागेत लालो असतो, पंक्चर काढतो. आज मागच्या चाकात तीन काटे, सराट्यांचे. त्याला विचारलं, रोज माझ्यापुढे जातो तो कोण. लालो हसला.

“हेल्मेट, काळा चष्मा, नाकापर्यंत फडकं. उन्हाळ्यात इथे सगळे बँक लुटायला निघाल्यासारखेच दिसतात, म्हाताऱ्या.”

बाई आहे की बाप्या, तेही सांगेना. लुटारू असता तर घंटी वाजवली नसती, हे मात्र खरं. पण त्या वृद्धाश्रमाने लावलेला कुणी असेल तर? पाळत ठेवून नोएमीला कळवायला? दिवसभर हेच डोक्यात. अंपारोने अर्धी पपई खाल्ली, ओट्स सगळे. भरवताना मी मध्येच थांबलो, तर तिने माझा हात धरला आणि चमचा स्वतःच तोंडाकडे नेला. असं ती पूर्वी कधी करत नव्हती.

शनिवार, २४ जून

सान हुआनचा दिवस. आई म्हणायची, आजपासून पाऊस धरायचा. कसला पाऊस, पाच वाजताच वारा गरम होता.

चौथ्या पुलाच्या अलीकडे घंटी थांबेचना. एकसारखी. मी ब्रेक दाबले. मग ऐकू आलं ते, सुक्या शेंगा हलवल्यासारखं. शेपटी खुळखुळवणारा साप रस्त्यावर आडवा असणार. मला दिसला नाही, काही म्हणजे काही दिसलं नाही. आणखी दहा फूट गेलो असतो तर चाक त्याच्यावरच. उभा राहिलो. बऱ्याच वेळाने एकदाच घंटी वाजली. निघालो.

आता त्याचा राग करू की नको, कळत नाही. अंपारोला सांगितलं. तिला कळलं की नाही देव जाणे, पण ती टिंग, टिंग असं म्हणाली. दोनदा.

रविवार, २ जुलै

घंटीवाला आला नाही. लालोच्या बागेपाशी दहा मिनिटं वाट बघितली. म्हणजे मी वाट बघितली! पाच ठिकाणी उतरून चालत गेलो. पोचलो पावणेसातला. वाटी थंड झाली होती, अंपारोने दोन चमचे घेतले आणि तोंड फिरवलं.

दुपारी नोएमीही उशिरा आली. सकाळी गाडीची बॅटरी बसली होती म्हणाली. डोळे सुजलेले. दमली असशील म्हटलं, तर हो म्हणाली.

सोमवार, ३ जुलै

आला. इतकं बरं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

बुधवार, १२ जुलै

डावी कडसुद्धा पुसट होते आहे. पान तिरकं धरून लिहितोय. एका पानावर पाच ओळी.

बुधवार, १९ जुलै

आज पानं खूप लागतील. तरी लिहितो.

काल रात्रभर कातालिना डोंगरावर विजा होत्या. शहरात थेंब नाही. सकाळी निघालो तर डोक्यावर आभाळ निरभ्र. चौथ्या पुलाखाली शिरायच्या तोंडाशी आडवी फळी लावलेली होती. ती पावसाळ्यात लागते आणि पाणी ओसरलं तरी दोन-दोन दिवस तशीच असते. आम्ही नेहमीचे सगळेच सायकल उचलून पलीकडे टाकतो, खालून निघून जातो. वर सहा पदरी रस्ता, तो ओलांडायला लागू नये म्हणून. मला तर तो रस्ता म्हणजे मरणच. मोटारी दिसत नाहीत, अंगावर आल्या की ऐकू येतात.

घंटीवाला फळीपाशी उभा होता. एकसारखी घंटी. मी उतरलो, बाजूला हो म्हणालो. हलला नाही. मी सायकल उचलली, पुढचं चाक फळीवर ठेवलं, तेवढ्यात त्याने माझं हँडल धरलं. दोन्ही हातांनी! तोंडातून एक शब्द नाही.

“बहिरा आहेस की मुका? माझी बायको उपाशी बसली आहे तिकडे. सोड!”

मी त्याच्या मनगटावर मारलं. मुठीने मारलं, जोरात. मनगट बारीक होतं. तरी सोडेना. मी ओढतोय, तो ओढतोय, मी आईवरून शिवी दिली. आयुष्यात टपाल वाटताना कुत्र्यांनासुद्धा दिली नाही अशी.

मग खडीचा ट्रक रिकामा करतात तसा आवाज आला. वरच्या अंगाने. ओल्या मातीचा वास आला, आणि पुलाखालून गार वारा सुटला. कडेच्या डोळ्याने जेवढं दिसलं ते तपकिरी होतं आणि हलत होतं. अख्खं झाड वाहत गेलं. एक प्लास्टिकची खुर्ची. पाणी फळीपासून चार पावलांवर आलं आणि तिथेच राहिलं.

त्याने हँडल सोडलं. सायकल हातात धरून चढावर निघाला, मी लाल दिव्यामागे. वर रस्त्याशी थांबला, खांबावरचं बटण दाबलं, मोटारी थांबल्या, घंटी वाजवली, मी ओलांडला. मग पुढचे तीन पूल तसेच, वरून. सहा पस्तीसला पोचलो. अंपारोने सगळं खाल्लं. मी मात्र तिच्या पलंगाशी बसून रडलो, व्हर्ना दार ओढून घेऊन गेली.

आभार मानायचे राहिले. मारलं तेवढं.

शुक्रवार, २१ जुलै

“भाऊ, माफ कर,” असं मोठ्याने म्हणालो सायकल चालवता चालवता. उत्तर नाही. एकदा घंटी.

रविवार, २३ जुलै

नोएमी आली. फार उकाडा, एकशे आठ फॅरनहाइट. ती आखूड चड्डी घालून मोरीशी भांडी घासत होती. मी टेबलाशी बसलो होतो, मान भिंतीकडे. म्हणजे माझ्या चांगल्या कडेला ती.

उजव्या पोटरीवर काळा डाग. आधी वाटलं, माझ्याच डोळ्यांतला. मान जरा हलवली. डाग तिथेच राहिला. ओळीने चार दात, तिरके. सायकलच्या दातेरी चक्राचं वंगण. साखळीशी रोज पाय घासतो त्यालाच तो लागतो, माझ्या पोटरीवर चाळीस वर्षं आहे. लहानपणी सोडली तेव्हापासून नोएमी सायकलवर बसलेली नाही, असं मी समजत होतो.

तिने पेला फडताळात ठेवायला हात वर केला. मनगट पिवळं-जांभळं.

काय लागलं विचारलं.

“ओव्हनचं दार आपटलं, बाबा.”

 हातातली टॉर्टिया ताटात ठेवली. खांबावर पडलो त्यानंतर चौथ्या दिवसापासून ही रोज चारला उठते आहे. गाडीत सायकल घालून इथे येते, साडेआठ मैल माझ्यापुढे, मग परत जाऊन सातला शाळेत पोरांसाठी अंडी फोडते. आवाज ओळखीन म्हणून सहा आठवडे तोंड उघडलं नाही. माझी शिवी ऐकून घेतली. सायकलही नेली नाही माझी. सगळं ठाऊक असून नेली नाही.

जाताना तिने कपाळाचा मुका घेतला. उद्या जपून जा म्हणाली. मी म्हटलं, रस्ता मला पाठ आहे.

सोमवार, २४ जुलै

लाल दिवा पहिल्या पुलापाशी उभा होता. तिसऱ्या पुलाखाली शिरलो, वटवाघळांच्या वासात, जिथे हळू बोललेलंही पुढच्याला ऐकू जातं.

“नोएमी, जरा सावकाश चल. मला दिसत नाही गं.”

दिवा थांबला. सहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो, दोघं.