तळ दिसायला हवा

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

मनोरंजन केंद्राच्या बंदिस्त जलतरण तलावाचा माझा आराखडा समितीला पसंत पडला. म्हणजे पश्चिमेची काचेची भिंत पसंत पडली. पाण्याबद्दल कोणी विचारलंच नाही. संध्याकाळी पाणी सोन्यासारखं दिसलं पाहिजे, असं अध्यक्ष म्हणाले. भावोजी जुन्या तलावावर जन्मभर जीवरक्षक होते, म्हणून नव्याला त्यांचंच नाव द्यायचं ठरलंय. त्यांचा एखादा हसरा फोटो पाठव. स्वतःला जप, लोभ आहेच.
धाकटा

८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हसरा फोटो नाही. घरात हसण्याचं खातं तुझ्याकडे होतं. आराखडा पाहिला. काच छान आहे. जीवरक्षकाची खुर्ची तिच्या बरोब्बर समोर ठेवलीस, तेही छान. उतरतं ऊन पाण्यावर चमकलं की तळ दिसत नाही, असं हे जेवताना नेहमी सांगायचे. तूही पंगतीला असायचास, पण तुझं लक्ष वाढण्याकडे. आता नवा जीवरक्षक मुलं अंदाजाने मोजेल. एखादं कमी भरलं की त्याचं नाव द्या तलावाला. तोवर यांचं नको. लोभ असू दे, अक्कलही असू दे.
ताई

१२ जून

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं म्हणणं मांडलं. जीवरक्षकाला काळा चष्मा देऊ, असं अध्यक्ष म्हणाले. ही म्हणे दूरदृष्टी. मी भिंत हलवायचा हट्ट धरला तर काम दुसऱ्याकडे जाईल. तूच ये ना. दुखवट्यातल्या बाईला कोणी उलटून बोलत नाही. रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
धाकटा

२० जून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

येऊन गेले. नेमकी तेव्हाच तुझी दाढ दुखत होती म्हणे. मी वाद घातला नाही. संध्याकाळी अध्यक्षांना जुन्या तलावावर नेलं. तिथेही खिडक्या पश्चिमेलाच. त्यांना यांच्या खुर्चीत बसवून विचारलं, तळाशी काय दिसतंय? त्यांनी काळा चष्मा घातला, काढला, मान वाकडी केली आणि काही नाही म्हणाले. तेवढ्यात समोरच्याच पाण्यातून समितीचे खजिनदार वर आले. एवढा अगडबंब माणूस, तोही लाल चड्डीत. बुडी मारायला मीच सांगितलं होतं.

अध्यक्षांनी काळा चष्मा खिशात टाकला. मग काच उत्तरेला घ्या म्हणाले. तसा आराखडा बदल.

सगळे गेल्यावर मी त्या खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत कधी बसले नव्हते. समोर नुसता झगझगाट. ऊन उतरेपर्यंत उठले नाही. मग हळूहळू तळ दिसला. रिकामा होता.

दाढेला जप. लोभ आहे तसा राहू दे.
ताई