परसातली पपई

परळ, मुंबई
१२ जानेवारी १९५९

ती. आईस, रंगूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तिसरा महिना सरत आला गं! सकाळी उठल्या उठल्या आधी लुगडं बघते, पण स्वच्छ असतं. दर आठवड्याला सुई टोचतात, दंड ठणकतो, एवढंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भ धरून ठेव असा निरोप अंगातलाच एक रस गर्भपिशवीला देतो. माझा तो कमी पडतो, म्हणून सुईतून देतात. मागच्या वेळी गर्भ पडला, तेव्हाही तेच झालं असणार. तू धाडलेल्या पिकल्या पपईचा काही दोष नव्हता.

तुझे गुडघे कसे आहेत? चोरओटी भरायला रेवसच्या लाँचने येशील ना?

गावाहून आलेला हिरामणदादा म्हणाला, तू परसातली पपई बुंध्यापासून तोडलीस. वेडीच आहेस! लगेच दुसरी लाव. तिचं पहिलं फळ मी बाळाला मांडीवर घेऊन खाणार आहे.

तुझीच,
रंगू