जिन्यातला दिवा

प्रिय दादा,

आई बरी आहे. पुढच्या महिन्यात ती माझ्याकडे राहायला येतेय, म्हणून घर आवरायला मी इथे आलेय. बाबांची खुर्ची न्यायला कुणी तयार नाही. एक पाय डुगडुगतो म्हणे.

आईची एकच तक्रार होती. बाबा गेल्यापासून जिन्यातला दिवा विझत नाही. अंधार पडला की लागतो, तो थेट उजाडेपर्यंत. एवढी शिकलीस आणि एक दिवा घालवता येईना? तिच्या टोमण्यांना अजून धार आहे. खरं तर बाबा असतानाही तो अडायचाच. झोपण्याआधी ते स्वतः जाऊन बटण दाबून यायचे. आई त्या बटणाला हात लावत नाही. वायरिंग जुनं झालंय, म्हणायचे. इलेक्ट्रिशियनला मात्र कधी बोलावलं नाही.

शेवटी मी त्यांचं मशीन, म्हणजे दिवा चालवणारा तो कॉम्प्युटर, उघडलं. दिव्याचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. आपल्याला शिकवलं होतं तसाच डिबगर लावला. काळा पडदा, चालता प्रोग्राम जागच्या जागी थांबवायचा आणि मग एकेक ओळ पुढे न्यायचा. धावू नकोस, चाल, असं ते मागे उभं राहून सांगायचे. बाबांना माणसंही अशीच थांबवून तपासायची असतात, असं तू म्हणायचास. शेवटच्या भांडणात ते त्यांच्या तोंडावर बोललास आणि गेलास. तुला वाटलं असेल, त्यांना लागलं नाही.

प्रोग्राम साधा आहे. घरातल्या कुणाचा फोन दारापाशी आला की तो माणूस आला असं धरायचं. सगळे आले की दिवा घालवायचा. मी चालवत गेले. आई आलेली. मी आलेली. बाबांचं नावच नव्हतं. तारखेवरून कळलं, हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःला काढून टाकलं होतं. त्या दिवशी या मशीनपाशी बसलेल्या बाबांना मी चहा नेऊन दिला होता. पुढची ओळ तुझी. मी एंटर दाबत राहिले आणि प्रोग्राम पुन्हा पुन्हा तुझ्याच ओळीवर येऊन थांबत राहिला.

थांबलेल्या प्रोग्राममध्ये हातानं बदल करता येतो. करून बघावं म्हणून तुझ्यापुढे 'आला' असं लिहिलं आणि त्याला सोडून दिलं. दिवा विझला.

आई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. आला का गं, म्हणाली.

तिला ठाऊक होतं. मी नाही म्हटलं, लिहिलेलं पुसलं. दिवा लागला. मग मला कशाला कामाला लावलंस, असं विचारलं, तर म्हणाली, त्याला कुणीतरी सांगायला हवं ना.

म्हणून लिहितेय. महिनाअखेर मशीन काढावं लागेल. त्याआधी ये. वर यायचं नसेल तर जिन्यापर्यंत ये. फोन बदलला असशील तर दिवा तुला ओळखणार नाही. मग बटण दाब. ते कुठे आहे, तुला माहीत आहे.

तुझीच,
ठमी